तिकीट न फाडता सोडत: जुनं वाद्य ऑनलाइन विकताना चिठ्ठी कशी टाकावी

अनंत चतुर्दशी उलटली की नाशिकमध्ये जुन्या वाद्यांचा बाजार हलायला लागतो. ढोल पथकं जादाचे ढोल-ताशे काढतात, ऑर्केस्ट्रावाले नवा कीबोर्ड घ्यायचा म्हणून जुना विकायला काढतात, कुणी पुण्याला नोकरीला निघालेला पोरगा ॲम्प्लिफायरचे फोटो टाकतो. त्यातच हल्ली एक नवा प्रकार दिसतो: "रोलंडचा ऑक्टापॅड, तिकीट फक्त २०० रुपये, १५० तिकिटं, रविवारी रात्री लाइव्ह ड्रॉ." (ऑक्टापॅड म्हणजे काठीने वाजवायचं आठ पॅडचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य.) दीडशे गुणिले दोनशे म्हणजे तीस हजार. वस्तू बाजारात वीस-बावीसला जाईल अशी. विकणाऱ्याला भाव जास्त मिळतो, घासाघीस करावी लागत नाही आणि घेणाऱ्याला दोनशे रुपयांत ऑक्टापॅडचं स्वप्न पडतं.

सोडत ही कल्पना मला आवडते. तिकीट मात्र आवडत नाही, आणि कायद्यालाही आवडत नाही. या लेखात तिकीट वगळून सोडत कशी करायची ते पहिल्या फोटोपासून वस्तू हातात देईपर्यंत सांगतो.

आधी कायदा

लॉटरी (विनियमन) अधिनियम, १९९८ मधली लॉटरीची व्याख्या फार मोकळीढाकळी आहे. योजनेचं रूप काहीही असो, नाव काहीही असो, लोकांनी तिकीट विकत घेऊन नशिबावर बक्षीस मिळवायचं असेल तर ती लॉटरी. "लकी ड्रॉ", "फन गेम", "कॉन्ट्रिब्युशन" अशी नावं दिल्याने काही फरक पडत नाही. आणि लॉटरी काढायचा अधिकार सरकारचा, किंवा सरकारने परवानगी दिलेल्याचा. भारतीय न्याय संहितेचं कलम २९७ (जुन्या दंडसंहितेतलं २९४-अ) सांगतं की अशी परवानगी नसताना लॉटरी काढण्यासाठी जागा चालवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. अशा सोडतीवर वस्तू देऊ म्हणून नुसती जाहिरात केली तरी पाच हजारांपर्यंत दंड. म्हणजे तुमच्या ग्रुपचा ॲडमिन ती पोस्ट पुढे ढकलतो, तेव्हा त्यानेही जरा विचार करावा.

त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा केंद्रीय कायदा आला. पैसे भरून पैसे किंवा तसा लाभ जिंकण्याच्या आशेने खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने बंद केले. ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड अशी तरतूद आहे. तुमची ऑक्टापॅडची सोडत त्यात बसते की नाही, यावर वकील वाद घालतील. वीस हजारांच्या वस्तूसाठी तो वाद आपल्या नावावर कशाला घ्यायचा?

"महिन्याला पाचशे भरा, दर महिन्याला एक चिठ्ठी, नाव निघालं की गिटार घरी आणि पुढचे हप्ते माफ" ही जी स्कीम आहे ना, तीही नको. मिक्सर, सायकली, दुचाक्या यांवर आपल्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असली, तरी प्राइझ चिट्स ॲक्ट, १९७८ नेमका अशाच प्रकारांवर बंदी घालण्यासाठी आला.

इंटरनेटवर परदेशी साइट बघून काही जण म्हणतात, "तिकडे तर राजरोस चालतं." चालतं, पण त्याची कारणं वेगळी आहेत. ब्रिटनच्या २००५ च्या जुगार कायद्यात बक्षीस-स्पर्धा आणि मोफत सोडत यांना परवाना लागत नाही. म्हणून तिथल्या गिटार-रॅफलच्या (तिकिटावर गिटार लावणाऱ्या) साइट साध्या टपालाने फुकट नाव नोंदवायची एक वाट उघडी ठेवतात. अमेरिकेत हा विषय राज्याराज्यांचा आहे, आणि अनेक राज्यांत रॅफल फक्त ना-नफा संस्थांनाच करता येतो. तिथली युक्ती उचलून कॉलेज रोडवर लावली म्हणजे ती इथेही कायदेशीर होते असं नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी मला हा प्रकार पटत नाही. नाशिकचं संगीतविश्व लहान आहे. तबल्याच्या क्लासला, कालिदास कलामंदिराच्या विंगेत, पथकाच्या सरावाला तीच तीच तोंडं दिसतात. दीडशे जणांकडून दोनशे घेतले तर एकशेएकोणपन्नास जण रिकाम्या हाताने घरी जातात, आणि त्यांतले निम्मे तुम्हाला पुढच्या कार्यक्रमात भेटणार असतात.

मग सोडत कशाची?

म्हाडाची सोडत सगळ्यांना ठाऊक आहे. नाशिक मंडळाचीही निघते. तिथे कुणाला घर फुकट लागत नाही. घराची किंमत आधी जाहीर असते, अर्ज जास्त येतात, म्हणून विकत घेण्याचा हक्क कुणाचा एवढंच चिठ्ठी ठरवते. ज्याचं नाव निघालं तो पूर्ण किंमत भरतो, बाकीच्यांची अनामत परत जाते.

आपण हेच करायचं, आणि अनामतही घ्यायची नाही. वाद्याची किंमत पक्की, जाहीर. ज्यांना त्या किमतीला घ्यायचं आहे त्यांनी नाव द्यायचं, एक रुपयाही न भरता. एकाहून जास्त नावं आली तर सोडत. ज्याचं नाव येईल तो वाद्य बघतो, वाजवतो, पटलं तर पूर्ण पैसे देऊन घेतो. नशिबासाठी कुणी पैसे मोजत नाही, त्यामुळे तिकीट हा लॉटरीचा कणाच इथे राहत नाही.

यात विकणाऱ्याला एक पैसाही जादा मिळत नाही, हे आधीच मान्य करा. जास्तीत जास्त पैसे हवे असतील तर सरळ बोली लावा. सोडत त्याच्यासाठी, ज्याला ठरलेला भाव पुरे आहे आणि "मी आधी मेसेज केला होता", "दादा, माझ्यासाठी ठेवा", "काकांना सांगून बघतो" हा ताप नको आहे.

कोणत्या वस्तूला सोडत शोभते

नवशिक्यांची सहा हजारांची गिटार, साधा माईक स्टँड, वापरलेला स्पीकर: यांना सोडत नको. पहिला आला, बघितलं, दिलं, विषय संपला.

सोडत शोभते दुर्मीळ वस्तूला. जुन्या जर्मन सुरांची (आत आवाज काढणाऱ्या धातूच्या जिभांची) पेटी, म्हणजे हार्मोनियम. मिरजेचा तंबोऱ्यांचा जुळलेला जोड (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, त्यामुळे मागणी आहेच). कंपनीने बनवणं बंद केलेला कीबोर्ड. खैराच्या खोडाचा जुना तबला. किंवा तुम्ही मुद्दाम कमी भावात, एखाद्या विद्यार्थ्याला मिळावी म्हणून काढलेली वस्तू. अशा जाहिरातीवर तासाभरात वीस मेसेज येतात. तिथे "पहिला मेसेज ज्याचा त्याला" हा नियम म्हणजे दिवसभर फोनला चिकटून बसलेल्या दलालाला वस्तू देण्यासारखं आहे. क्लासमध्ये शिकत बसलेल्या पोराने मेसेज संध्याकाळी बघितला, यात त्याचा काय दोष?

जुन्या तंबोऱ्या-सतारींबाबत एक सावधगिरी. त्यांच्यावर हस्तिदंताचं काम असेल किंवा घोडी सांबरशिंगाची असेल, तर ती तशीच विकायला काढू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली हा व्यवहार अंगाशी येऊ शकतो. कारागिराला दाखवून घोडी बदलून घ्या, किंवा वन विभागाकडे चौकशी करून मगच पाऊल टाका.

वस्तू तपासा, दोष स्वतःच लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायचा. सोडतीत नाव निघालेला माणूस सिन्नरहून, मालेगावहून गाडी काढून येणार. आल्यावर पेटीचा सूर बेसूर निघाला तर तो ते सगळ्या ग्रुपवर सांगणार, आणि तुमची सोडतही खोटी ठरणार.

पेटी: भाता पूर्ण भरा आणि एकही पट्टी न दाबता सोडून द्या. हवेचा फुसफुस आवाज येतो का? एखादा सूर आपोआप वाजतो का? मग प्रत्येक पट्टी मंद हवेवर आणि जोरात, दोन्ही प्रकारे वाजवा. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, आणि गोदाकाठच्या जुन्या वाड्यातल्या पेट्यांना तर हमखास. कोणत्या पट्ट्या अडकतात ते काळी दोन, पांढरी सहा असं नाव घेऊन लिहा. सूर खर्ज-नर (खालच्या आणि मधल्या सप्तकाच्या दोन ओळी) आहेत की आणखी एक ओळ आहे, कप्लर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही वाजवणारा) चालतो का, स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून स्वर बदलणारा) असेल तर सगळ्या खाचांत नीट बसतो का, हेही लिहा. सूर जर्मन आहेत की पालिताण्याचे, हे खात्रीने ठाऊक असेल तरच. "जर्मन असावेत" असं लिहिण्यापेक्षा झाकण उघडून सुरांचा जवळून फोटो टाका, जाणकार स्वतः ओळखतील.

तबला-डग्गा: तोंड किती इंची, कोणत्या स्वराला लागतो, खोड कशाचं, डग्गा तांब्याचा की पितळेचा आणि वजन किती. शाई कुठे उडाली आहे का, तडे आहेत का. गठ्ठे (ताण द्यायचे लाकडी ठोकळे) खाली ठोकत ठोकत वादीत (चामड्याच्या पट्ट्यांत) जागाच उरली नसेल तर ते लपत नाही, तेव्हा आधीच सांगा. पुडी (तोंडावरचं चामडं) नवी बसवायची गरज असेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. विकण्याआधी स्वतः स्वस्तातली पुडी चढवून "नवी पुडी" असं मिरवू नका, वाजवणाऱ्याला पहिल्या थापेला कळतं.

ढोल: पान चामड्याचं की फायबरचं, कड्या आणि नट-बोल्ट गंजलेत का, पिंपाला पोचे आहेत का. मिरवणुकीत भिजलेलं चामडं नुसतं उन्हात वाळवून विकायला काढलं जातं, म्हणून घेणारे हल्ली आधी तेच विचारतात.

गिटार: नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाने लाकूड आकसतं, जुलैत फुगतं, मधल्या मध्ये ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) हलते. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये मोजपट्टी धरून जवळून फोटो काढा. नेक सरळ आहे का हे दाखवायला हेडकडून खाली बघणारा एक फोटो पुरतो. ब्रिज उचलला गेलाय का तेही बघा.

कीबोर्ड आणि ऑक्टापॅड: एकाच न तोडलेल्या व्हिडिओत पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत सगळ्या वाजवा. ऑक्टापॅडचे आठही पॅड आधी हलक्या काठीने, मग जोराने. एका पॅडवर मारलं की शेजारचाही वाजतो का, हा त्यांचा नेहमीचा आजार. अडॅप्टर मूळचा आहे की बाजारातून घेतलेला, हे लिहायला विसरू नका. त्याच व्हिडिओत मागच्या बाजूचा सीरियल नंबरही दाखवा.

माईक: शुअरच्या एसएम५८ ची नक्कल इतकी पसरली आहे की बिलाशिवाय कुणी विश्वास ठेवत नाही. अस्सल माईकचं वजन २९८ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून फोटो काढा. नकली माईक बहुतेक वेळा काट्यावर उघडा पडतो, पण बिलाची जागा काटा घेत नाही. कंडेन्सर माईक असेल तर ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (मिक्सरकडून माईकच्या केबलमधूनच येणारी वीज) लागतो हे नवख्याला सांगा, नाहीतर घरी नेऊन तो "माईक मेलाय" म्हणून फोन करेल.

बिल नसेल तर वस्तू कुणाकडून, साधारण कधी घेतली हे लिहा. चोरीचा माल विकत घेणारा अडकतो, हे घेणाऱ्यांनाही ठाऊक आहे.

किंमत

नव्याची आजची किंमत काढा, दुकानातली, छापील नव्हे. मग जुनी वस्तू खरोखर कितीला गेली ते विचारा. जाहिरातीतले आकडे मागण्याचे असतात, मिळालेले नसतात. कारागिराकडचं काम काढायचं असेल तर ते वजा. मिळालेल्या आकड्यावर घासाघीशीसाठी वरचे दोन हजार ठेवायची आपली सवय इथे सोडून द्यावी लागते, कारण सोडतीनंतर भाव हलला तर बाकीचे बोंब मारणार: "हे माहीत असतं तर मीही नाव दिलं असतं." किंमत एकदा लिहिली की शेवटपर्यंत तीच.

जाहिरात कशी लिहायची

सगळे नियम एकाच मजकुरात, सुरुवातीलाच. नंतर "अरे, हे सांगायचं राहिलं" म्हणून नियम वाढवले की संशय सुरू होतो. असं काहीतरी:

"विकणे आहे: साडेतीन सप्तकांची पेटी, खर्ज-नर, कप्लरसह. पांढरी सहा पावसात अडकते, भात्याला एक ठिगळ आहे. फोटो आणि व्हिडिओ सोबत. किंमत १८,००० रुपये, पक्की. ज्यांना या किमतीला घ्यायची आहे त्यांनी शुक्रवारी रात्री ९ पर्यंत नाव, गाव आणि मोबाइल नंबर मला खासगीत पाठवा. नाव द्यायला पैसे नाहीत, कोणतीही अनामत नाही. एका माणसाचं एकच नाव. एकाहून जास्त नावं आली तर सोमवारी सोडत, पद्धत खाली लिहिली आहे. नाव निघालेल्याने गुरुवारपर्यंत इंदिरानगरला येऊन पेटी वाजवून बघावी आणि पटली तर पूर्ण पैसे देऊन न्यावी. नाही पटली तर काही देणं लागत नाही, पुढच्या नंबरला विचारू."

"घेणारच असाल तरच नाव द्या" हे वाक्य वेगळं टाका. फुकट आहे म्हणून उगाच नाव टाकणारे असतात. त्यांना आवर घालायला अनामत घेण्याचा मोह होतो, पण तो टाळा. पैसे आले की हिशेब, परतावे, कुणाचा राहिला, कुणी "ठेवून घ्या" म्हटलं अशी सगळी कटकट सुरू होते, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते तिकिटासारखंच दिसतं. त्यापेक्षा नाव देणाऱ्या प्रत्येकाला एकदा फोन करा. दोन मिनिटांत कळतं की समोरचा पेटी वाजवणारा आहे की नुसता वेळ घालवणारा. एकच दलाल पाच नंबरांवरून नाव देतो तेही आवाजावरून बहुतेक वेळा पकडता येतं, आणि वस्तू न्यायला ज्याचं नाव त्यानेच यायचं, हा नियम उरलेलं काम करतो.

यादी

मुदत संपली की नावांना क्रमांक द्या, आलेल्या वेळेनुसार. यादी ग्रुपवर टाका, पण मोबाइल नंबर झाकून: "१. स. प., पंचवटी, २. म. जा., देवळाली" इतकं पुरतं. प्रत्येकाला त्याचा क्रमांक खासगीत कळवा. चुकलं असेल तर सांगायला एक रात्र द्या. त्यानंतर यादी बंद. मुदत संपल्यावर आलेला तुमचा चुलतभाऊ असला तरी नाही म्हणजे नाही.

घरचं माणूस यादीत घ्यायचं नाही. त्याला वस्तू द्यायची असेल तर सरळ द्या, सोडत कशाला करता?

चिठ्ठी: दोन रीती

पहिली रीत आपली नेहमीची. सारख्या मापाचे कागद, एकाच पेनाने लिहिलेले क्रमांक. व्हिडिओ सुरू करा आणि शेवटपर्यंत थांबवू नका. रिकामा डबा कॅमेऱ्याला दाखवा, प्रत्येक क्रमांक वाचून, घडी घालून आत टाका, झाकण लावून हलवा, आणि शेजारच्या एखाद्या लहान मुलाला काढायला सांगा. तीन चिठ्ठ्या काढा, म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लागतो. उरलेल्या चिठ्ठ्याही शेवटी उघडून दाखवा. सगळ्यांवर एकच नंबर लिहिला होता, ही शंका तिथेच मिटते.

दहा-बारा नावं असतील आणि सगळे ओळखीचे असतील तर एवढं पुरे. ऑनलाइन अनोळखी लोक असतील तर मी दुसरी रीत सुचवेन, कारण तिच्यात तुमचा हातच लागत नाही.

नाव नोंदणीच्या जाहिरातीतच लिहा की अमुक सोमवारी मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स ज्या आकड्यावर बंद होईल, त्यातले दशांशाचे दोन अंक धरून, बिंदू काढून जो पूर्णांक होईल, त्याला एकूण नावांनी भागायचं. बाकी उरेल तो क्रमांक पहिला. बाकी शून्य उरली तर यादीतला शेवटचा. समजा सतरा नावं आहेत आणि सेन्सेक्स ८१,५२३.२१ वर बंद झाला. आकडा झाला ८१५२३२१. सतराने भागलं की बाकी उरते ५. म्हणून पाचव्या क्रमांकाला पेटी. त्याने नाही घेतली तर सहाव्याला, मग सातव्याला, सतराच्या पुढे पुन्हा एकपासून. कुणीही घरी बसून कॅल्क्युलेटरवर पडताळू शकतो, आणि सेन्सेक्सचे शेवटचे दोन अंक पंचवटीतल्या कुणाच्या खिशात नसतात.

यात तीन गोष्टी आधी लिहिलेल्या हव्यात. आकडा मुंबई शेअर बाजाराच्या (बीएसईच्या) अधिकृत संकेतस्थळावरचा बंद भाव, शेअर दलालाच्या ॲपवरचा नाही. त्या दिवशी बाजाराला सुट्टी निघाली तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा. आणि यादी बाजार उघडण्याच्या आधीच बंद झालेली, सगळ्यांना दिसलेली. तिसरी अट ढिली पडली तर सगळंच ढिलं पडतं, कारण बंद भाव कळल्यावर यादीत एखादं नाव घुसवून निकाल फिरवता येतो.

मोबाइलवर नावं फिरवून एक निवडणारी चाकाची ॲप्स आहेत, दिसायला छान. पण हवा तो निकाल येईपर्यंत चाक फिरवून शेवटचाच व्हिडिओ टाकला नाही, हे कसं दाखवणार? लाइव्ह नसेल तर मी ती वापरणार नाही.

नाव निघाल्यावर

वाद्य दिवसाउजेडी दाखवा. पेटी-तबला घरीच बघावे लागतात, तेव्हा घरात आणखी कुणीतरी असू द्या. गिटार किंवा माईक असेल तर एखाद्या क्लासमध्ये, ओळखीच्या स्टुडिओत बोलवा. घेणाऱ्याला घाई करू नका, अर्धा तास वाजवू द्या. सोबत गुरुजींना आणलं तर उलट चांगलं, नंतर तक्रार येत नाही.

पैसे रोख किंवा यूपीआय. आणि यूपीआयबद्दल एकच वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा: पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात "मी लष्करात आहे, देवळालीला पोस्टिंग आहे, माणूस पाठवतो, आधी हा कोड स्कॅन करा" असा फोन हमखास येतो. खऱ्या जवानाला तुमचा कोड लागतो, त्याचा तुम्हाला नाही. समोरच्याने दाखवलेल्या "पेमेंट सक्सेसफुल"च्या स्क्रीनशॉटवरही वस्तू सोडू नका, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसली की मग. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

साध्या कागदावर पावती करा: वस्तू, सीरियल नंबर, रक्कम, तारीख, "जशी आहे तशी बघून, वाजवून घेतली", दोघांच्या सह्या. मूळ बिल असेल तर तेही द्या. ओळखपत्राची प्रत घ्यायची असेल तर आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत मागा.

बाहेरगावी पाठवायचं असेल तर

शक्यतो पाठवू नका, एवढंच म्हणेन. पण नागपूर-सोलापूरचं नाव निघालं आणि त्याने व्हिडिओ कॉलवर बघून होकार दिला, तर आधी कुरिअरचा खर्च काढा आणि तो कोण देणार हे जाहिरातीतच लिहून ठेवा. कुरिअरवाले आकारमानावरून वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात. ११० बाय ४५ बाय १८ च्या खोक्यातली गिटार प्रत्यक्षात चार-पाच किलोची असते, पण हिशेबात १७.८२ किलो होते. लोक इथेच गार पडतात.

गिटारच्या तारा दोन-तीन स्वर उतरवा, नेकखाली आणि हेडभोवती घट्ट भरण द्या, कारण खोकं पडलं की आधी हेड मोडतं. पेटीचा भाता बंद करून अडकवा, पट्ट्यांवर फोम, मग झाकण. तबल्याच्या पुडीवर जाड पुठ्ठ्याची चकती ठेवूनच गुंडाळा. खोकं बंद करतानाचा व्हिडिओ तुमच्याकडे, उघडतानाचा त्याच्याकडे. विम्यात वाद्यं धरतात का हे कुरिअरला आधी विचारा, बरेच जण नाजूक वस्तू म्हणून वगळतात. एसटीच्या पार्सलने किंवा खासगी ट्रॅव्हल्सने पाठवणारेही आहेत, तिथे मात्र उतरवून घ्यायला माणूस वेळेवर हजर हवा.

फुकट द्यायचं असेल, किंवा मंडळासाठी पैसे उभे करायचे असतील

वाद्य फुकट द्यायचं असेल तर हीच रीत, फक्त किंमत शून्य. कुणाकडून काही न घेता एखाद्या विद्यार्थ्याला तबला दिला तर तिकिटाचा प्रश्नच येत नाही. दुकानदारांनी मात्र "खरेदी करा, ड्रॉमध्ये भाग घ्या" करण्याआधी वकिलाला विचारावं. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये विक्री वाढवण्यासाठी केलेल्या लॉटऱ्या आणि नशिबाचे खेळ अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत आहेत, आणि योजनेचा निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवून ठेवणंही.

मंडळाला किंवा शाळेला पैसे हवे आहेत म्हणून तिकिटं काढली तर हेतू चांगला, पण कायदा तोच. त्याऐवजी लिलाव करा. आरतीनंतर प्रसादाच्या नारळाचा लिलाव आपण वर्षानुवर्षं बघतो, त्याच पद्धतीने कुणीतरी दिलेली पेटी किंवा ढोल सगळ्यांसमोर बोलीवर काढला तर चढ्या भावाने जातो, आणि पावती फाडून पैसे मंडळाच्या खात्यात जातात.

वस्तू गेल्यावर उरलेली कामं

जाहिरात काढून टाका किंवा वर "विकले" लिहा. निकाल, भागाकार किंवा चिठ्ठीचा व्हिडिओ ग्रुपवर महिनाभर राहू द्या. ऑडिओ इंटरफेस, कीबोर्ड असं काही कंपनीच्या खात्यावर नोंदवलेलं असेल तर तिथून आपलं नाव काढा, नाहीतर नव्या मालकाला सॉफ्टवेअर मिळत नाही आणि तो रात्री अकराला फोन करतो. ज्यांचं नाव निघालं नाही त्यांना एक ओळीचा मेसेज करा. आणि सगळ्यांचे मोबाइल नंबर असलेली ती यादी फोनमधून पुसून टाका.